मे महिन्यातली परसबाग

हिमायतनगरच्या आठवडी बाजारात एप्रिलच्या शेवटी मी माळव्याच्या एका पालाजवळ बराच वेळ उभा होतो. आमच्याकडं भाजीपाल्याला माळवं म्हणतात. पिकअपमधून उतरलेले क्रेट, त्यात टोमॅटो, कोबी, ढोबळी मिरची आणि कडेला ओल्या गोणपाटाखाली झाकलेल्या मेथीच्या जुड्या. कामावरून थेट बाजारात आलेल्या एका बाईनं जुडी उचलली, उलटीपालटी करून बघितली, भाव विचारला आणि परत ठेवली. पावशेर वांगी आणि दहा रुपयांची मिरची-कोथिंबीर घेऊन ती पुढं गेली. हे माळवं कुठलं, असं मी भाजीवाल्या मावशीला विचारलं. बहुतेक माल नांदेडच्या मंडईतून आणलेला होता. नांदेड इथून सत्तर-ऐंशी किलोमीटर. चारही बाजूंनी शेतीनं वेढलेल्या तालुक्याचं मुख्य गाव माळवं बाहेरून आणून खातं आणि तेही पावशेरानं. ती खाली ठेवलेली जुडी डोक्यातून जाईना, म्हणून हा विषय लिहायला घेतला.

हिमायतनगरचं जुनं नाव वाढोणा. म्हातारी माणसं अजूनही वाढोणाच म्हणतात. परमेश्वराचं जुनं देऊळ आणि महाशिवरात्रीची यात्रा ही गावाची ओळख. पैनगंगेच्या पलीकडं उमरखेड, म्हणजे विदर्भ. किनवटच्या बाजूला जंगल सुरू होतं, इस्लापूरजवळ सहस्रकुंडाचा धबधबा लागतो आणि मुदखेडहून आलेली रेल्वे इथून पुढं तेलंगणातल्या आदिलाबादला जाते. १९९९ मध्ये हदगावमधून वेगळा तालुका झाला, पुढं ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. कापूस, सोयाबीन, तूर आणि अलीकडं हळद ही इथली पिकं. तुरीचा अपवाद सोडला तर यातलं काहीही रोजच्या ताटात थेट येत नाही. सगळं आधी विकायचं आणि मग त्या पैशातून खायचं विकत आणायचं.

शहरी शेती म्हटलं की मुंबई-पुण्याच्या गच्च्या डोळ्यांसमोर येतात. हिमायतनगरसारख्या गावात ती वेगळ्या वाटेनं समजून घ्यावी लागते. इथं शेती शहरात आणायची नाही, गाव शहर होताना जी शेती घरातून गेली ती परत आणायची आहे. माझ्या आजीच्या घरामागं न्हाणीचं पाणी जिथं जाई तिथं अळू आणि केळ होती. जरा पुढं शेवगा, कढीपत्ता, लिंबू. पावसाळ्यात दोडक्याचा वेल पत्र्यावर चढे आणि कुंपणाला वालाच्या शेंगा लागत. त्याला कुणी बाग म्हणत नसे, ते परसू होतं. आता त्या जागी पेव्हर ब्लॉक आहेत. अंगणात चिखल होऊ नये म्हणून बसवले, आणि त्यात काही गैर नाही, पण न्हाणीचं पाणी मात्र नालीत जायला लागलं.

शेतातलंही असंच गेलं. कापसाच्या पाट्यांत बाया अंबाडी, भेंडी, चवळी, वाळकं टाकायच्या. खुरपताना तांदुळजा, घोळ, पाथरी, कुंजीर ओट्यात घेऊन यायच्या. हे अन्न कुठल्याच हिशेबात नव्हतं. २००२ मध्ये बीटी कापूस आला, पाठोपाठ मजुरी परवडेना म्हणून तणनाशक आलं. तणनाशकाला तांदुळजा आणि गवत यांत फरक कळत नाही. खुरपणाऱ्या बाईची मजुरी गेली आणि तिच्या ओट्यातली भाजीही त्याच फवाऱ्यात गेली. आमच्या भागातल्या आहाराचं जे नुकसान झालं, त्यात हे सगळ्यात मोठं आहे असं माझं मत आहे, आणि त्यावर सगळ्यात कमी बोललं जातं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं मोठ्या माणसाला पालेभाजी धरून दिवसाला ४०० ग्रॅम भाजी सांगितली आहे. पाच जणांच्या घरात मुलांचं जरा कमी धरलं तरी दिवसाला दीड-पावणेदोन किलो होतं. रोजगार हमीची मजुरी महाराष्ट्रात २०२४-२५ मध्ये दिवसाला २९७ रुपये होती, २०२५-२६ मध्ये ३१२ झाली. उन्हाळ्यात पालेभाजीची जुडी वीस-पंचवीसला गेली की या मजुरीत पावशेर वांगीच बसतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आणि ३६.१ टक्के मुलं वजनानं कमी निघाली. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी जवळपास ६९ टक्के आणि बायांपैकी ५४ टक्के रक्तक्षयी. पोटात भाकरी-भात पडतो आहे, पण लोह देणारं आणि भाकरीबरोबर खायचं जे काही असतं ते ताटात नाही, असा या आकड्यांचा साधा अर्थ.

सरकारनं धान्याचं काय केलं तेही बघायला हवं. मराठवाड्याचे आठ आणि विदर्भाचे सहा अशा चौदा शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना २०१५ पासून माणशी पाच किलो धान्य मिळत होतं, गहू दोन रुपयांनी आणि तांदूळ तीन रुपयांनी. नांदेड त्यात आहे. २०२३ मध्ये धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये खात्यात टाकायचं ठरलं, पुढं ते १७० झाले. रोख पैशाला नावं ठेवायचं कारण नाही. मात्र १७० रुपयांत एका माणसाचं महिन्याचं धान्य आणि माळवं दोन्ही येत नाही, हे त्या बाजारात उभं राहिल्यावर कुणालाही कळतं.

मग माळवं पुन्हा परसात पिकवायचं, तर त्यासाठी पैसा येणार कुठून? इथं कंपन्यांचा विषय येतो.

कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करायचे. यालाच सगळे सीएसआर म्हणतात. कशावर खर्च करायचा याची यादी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे आणि तिच्यातली पहिलीच बाब भूक, दारिद्र्य आणि कुपोषण निर्मूलनाची आहे. २०२२-२३ मध्ये देशभरात या मार्गानं सुमारे ३० हजार कोटी रुपये खर्च झाले आणि सगळ्यात जास्त खर्च महाराष्ट्राच्या नावावर नोंदला गेला, पाच हजार कोटींहून अधिक.

पण हा पैसा हिमायतनगरपर्यंत येत नाही. कंपनी जिथं काम करते तिथल्या परिसराला प्राधान्य द्यावं, असं त्याच कलमात लिहिलेलं आहे. कारखाना चाकणला असेल तर पैसा चाकणच्या आसपास, कार्यालय मुंबईला असेल तर मुंबईत. आमच्याकडं जिनिंगचे कारखाने आहेत, पण दोन टक्क्यांच्या उंबरठ्याला पोचेल असं फार काही नाही. दुसरी वाट आकांक्षित जिल्ह्यांची. केंद्र सरकारनं मागास म्हणून जे जिल्हे निवडले तिकडं कंपन्या आवर्जून जातात. महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, असे चार जिल्हे त्यात घेतले गेले. नांदेड नाही. कारखाना असण्याइतका पुढं नाही आणि यादीत बसण्याइतका मागं नाही, अशा मधल्या जिल्ह्याचे हे हाल आहेत.

यातली एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. स्थानिक परिसराचं हे प्राधान्य बंधनकारक नाही. केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयानं ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकात ते फक्त मार्गदर्शक असल्याचं स्पष्ट केलं आहे. पुण्यातल्या कंपनीनं हिमायतनगरात पैसे खर्च केले तर ते पूर्ण कायदेशीर आहे. अडचण कायद्याची नसून ओळखीची आहे. कंपनीच्या सीएसआर समितीत बसणाऱ्या माणसानं हिमायतनगर हे नाव ऐकलं असेल तर ते हैदराबादच्या वस्तीचं.

पैसा आला तर तो कशावर खर्च व्हावा? याचं उत्तर मला मुंबई बंदराच्या एका स्वयंपाकघरात सापडतं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती उपाहारगृहात हजारो कामगारांचं जेवण शिजायचं आणि रोज भाज्यांची सालं, देठं, खरकटं यांचा ढीग उरायचा. तिथल्या खानपान अधिकारी प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास त्या ढिगाचंच खत करून इमारतीच्या गच्चीवर बाग उभी केली. पिंपं, क्रेट आणि विटांच्या वाफ्यांत पालेभाज्याच काय, पेरू-चिकूसारखी फळझाडंही वाढली. या कामाला डॉ. आर. टी. दोशी यांच्या गच्चीवरच्या शेतीची प्रेरणा होती, आणि त्याच्याही मागं कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोलकर होते. गणिताच्या या प्राध्यापकानं प्रयोग परिवार उभा करून शेतकऱ्यांनाच संशोधक केलं. सांगली-तासगावकडच्या द्राक्षबागायतदारांना त्यांचं नाव सांगावं लागत नाही. घरातल्या घरात, थोड्या जागेत, सूर्यप्रकाशाचा हिशेब मांडून एका कुटुंबाचं अन्न कसं पिकवता येतं, हे त्यांनी ‘विपुलाच सृष्टी’ या पुस्तकात मांडलं.

पोर्ट ट्रस्टची बाग टिकली याचं कारण मला बियाण्यात किंवा खतात दिसत नाही. ती सांभाळणारी माणसं त्या स्वयंपाकघरातली पगारी माणसं होती. कचरा रोज तिथंच तयार होत होता, पाणी तिथंच होतं आणि पिकलेलं पुन्हा त्याच पातेल्यात जात होतं. सगळं एका छपराखाली. कुणाला लांबून यावं लागत नव्हतं आणि कुणाला उपकार म्हणून काम करावं लागत नव्हतं.

हीच रचना आमच्या तालुक्यात प्रत्येक गावात आधीपासून आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेचं स्वयंपाकघर म्हणजे तीच. सरसमची शाळा घ्या, जवळगावची घ्या, कामारीची घ्या. रोज भात शिजतो, रोज तांदूळ धुतलेलं पाणी निघतं, मुलं हात आणि ताटं धुतात, भाज्यांची देठं उरतात, मागं थोडी जागा असते आणि स्वयंपाक करणाऱ्या ताई असतात. पोषण आहाराच्या निकषाप्रमाणं पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ५० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला ७५ ग्रॅम भाजी मिळायला हवी. डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन या सगळ्यासाठी मे २०२५ पासून प्राथमिकच्या मुलामागं दिवसाला ६ रुपये ७८ पैसे धरले आहेत. उन्हाळ्याच्या तोंडावर भाजी कडाडली की या पैशात भाताबरोबर काय शिजतं, हे कुठल्याही मुलाला विचारा. नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्याला एक अंडं किंवा केळं मिळायला लागलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा वेगळा निधी थांबला आणि शाळांना लोकसहभागातून सोय करायला सांगण्यात आलं.

परसबागेचं महत्त्व सरकारला कळलेलं नाही असं कुणी म्हणू नये. केंद्रानं २०१९ मध्ये शाळांच्या पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. बचत गटांसाठीच्या सरकारी उमेद अभियानानं २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, ‘माझी पोषण परसबाग’ मोहीम काढून गटांच्या बायांकडून राज्यभर परसबागा लावून घेतल्या. ती अतिशय वेळेवरची मोहीम होती. परसबागांच्या स्पर्धाही होतात. लावण्याचा उत्साह आमच्याकडं भरपूर आहे.

मी दोन शाळा पाहिल्या, त्यांची नावं सांगत नाही. पहिल्या शाळेत एका कंपनीच्या मदतीनं बाग झाली होती. तारेचं कुंपण, शेडनेट, ठिबकच्या नळ्या, पाण्याची काळी टाकी, आणि दारात कंपनीच्या नावाचा मोठा फलक. उद्‌घाटनाचे फोटो मुख्याध्यापकांच्या खोलीत लावलेले आहेत. मी गेलो तेव्हा जून उजाडला होता. नळ्या खारींनी कुरतडलेल्या, शेडनेट वाऱ्यानं फाटून तारेला लोंबत होतं आणि वाफ्यांत वांग्याची वाळलेली खुंटं उभी होती. एप्रिलपर्यंत बाग हिरवीगार होती, असं गुरुजी सांगत होते आणि ते खरंच असणार, कारण वांग्याच्या खुंटांवर फळं तोडल्याच्या खुणा दिसत होत्या. सुट्टी लागली आणि बाग मेली.

दुसऱ्या शाळेत फलक नव्हता. हात धुण्याच्या नळांखाली सिमेंटची उघडी नाली काढून ती एका लांब आळ्यात सोडली होती. आळ्यात शेवग्याची पाच झाडं, कढीपत्ता, पपई आणि कडेनं चुका-पालक. पालकाच्या वाफ्यावर तुराट्यांचा बारीक सोपट पसरलेला. स्वयंपाक करणाऱ्या ताई शाळेच्या पलीकडच्याच घरात राहायच्या. सुट्टीत घरची कळशी घेऊन त्या दिवसाआड पाणी घालत. का घालता, असं मी विचारलं, तर शेवगा आपल्या हातानं लावलाय, असं म्हणाल्या. त्या दोन महिन्यांचं मानधन त्यांना मिळत नाही. महाराष्ट्रात शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बाईला महिन्याला अडीच हजार रुपये मानधन आहे आणि ते वर्षातले दहा महिनेच मिळतं.

माझं सगळं म्हणणं या दोन शाळांच्या मधल्या अंतरात आहे. परसबाग मे महिन्यात मरते, आणि ती वाचवायला लागणारी रक्कम इतकी लहान आहे की कुठल्याही प्रस्तावात ती दिसत नाही. शंभर मुलांच्या शाळेत दोन स्वयंपाकी ताई असतात. दोघींचं दोन महिन्यांचं मानधन दहा हजार रुपये. पहिल्या शाळेतला तो फलकच कदाचित तेवढ्याचा असेल.

पाण्याचाही हिशेब मांडून बघू. शंभर मुलांनी हात आणि ताटं धुतली आणि मुलामागं दोन लिटर पाणी धरलं, तर रोज दोनशे लिटर होतं. दहा फूट लांब आणि तीन फूट रुंद वाफ्याला भर उन्हाळ्यात दिवसाला वीसएक लिटर पाणी पुरतं, त्यातही आच्छादन असेल तर कमीच. म्हणजे शाळा चालू असताना नालीत जाणाऱ्या पाण्यावर दहा वाफे चालतात. वाफ्यामागं आठवड्याला किलोभर पालेभाजी एवढी माफक अपेक्षा ठेवली तरी आठवड्याला दहा किलो, म्हणजे शंभर मुलांची दोन दिवसांची भाजी. पूर्ण आठवड्याची होणार नाही. तसं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण दोन दिवस पातेल्यात ताजी हिरवी भाजी पडणं ही आमच्या मुलांच्या आहारात मोठी गोष्ट आहे.

माती कशी करायची तेही इथं सांगतो, कारण त्याला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. दाभोलकरांच्या पद्धतीत अमृतजल करतात. दहा लिटर पाण्यात एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र आणि पन्नास ग्रॅम गूळ. दिवसातून दोन-तीनदा काठीनं आधी एका बाजूनं, मग उलट्या बाजूनं ढवळायचं. तीन दिवसांनी ते तयार होतं. त्यात दहापट पाणी घालायचं आणि वाळलेला पालापाचोळा त्यात रात्रभर भिजवून त्याचे थर लावायचे, मध्ये मूठ-मूठ माती भुरभुरायची. फूटभर उंचीचा ढीग झाला की झाकून ओलसर ठेवायचा आणि अधूनमधून पालटायचा. चार-पाच महिन्यांत भुसभुशीत, काळी, पावसाचा वास येणारी माती होते. हिमायतनगरात या कामाला लागणारं सगळं उकिरड्यावर पडलेलं असतं. हळदीचा पाला काढणीच्या वेळी ढिगानं मिळतो, सोयाबीनचं भुसकट मिळतं, लिंबाचा पाचोळा तर शाळेच्या अंगणातच पडतो. बियाण्यासाठीही लांब जायला नको. भेंडीचं ‘परभणी क्रांती’ हे केवड्याला दाद न देणारं वाण आपल्याच परभणीच्या कृषी विद्यापीठाचं, आणि भाकरीसाठी लोह आणि जस्त जास्त असलेली ‘परभणी शक्ती’ ज्वारीही २०१८ मध्ये तिथूनच आली. बिलोली तालुक्यातल्या सगरोळीचं कृषी विज्ञान केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे.

कंपन्यांच्या नियमांत या कामाला पूरक अशा तरतुदी आहेत. काम सुरू झालं ते वर्ष सोडून पुढं तीन वर्षांपर्यंत एखादा प्रकल्प चालू ठेवायची मुभा आहे. म्हणजे एका मार्चपासून दुसऱ्या मार्चपर्यंत उरकायची घाई करायची गरज नाही. सीएसआरच्या पैशातून घेतलेला पंप, टाकी, कुंपण यांची मालकी बचत गटाच्या नावावर करता येते, असं २०२१ च्या सुधारित नियमांत स्पष्ट आहे. स्वयंपाक करणाऱ्या ताईंच्या गटाच्या नावावर टाकी असेल, तर ती फुटल्यावर दुरुस्त कुणी करायची हा प्रश्न उरत नाही. आणि ज्यातून कंपनीची जाहिरात व्हावी एवढाच हेतू आहे, असं प्रायोजन सीएसआरमध्ये धरलं जात नाही. फलक लावावा की नाही, याचं उत्तर त्यातच आहे.

मदत स्वीकारणाऱ्यांनाही एक सांगायचं आहे. कंपनीचा पैसा घ्यावा, पण कारभार गावाकडं ठेवावा. आपल्या भागात याची चांगली उदाहरणं आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर प्रेमा गोपालन यांनी स्वयम शिक्षण प्रयोग ही संस्था उभी केली. लातूर-धाराशिवकडच्या बायांनी घरच्या शेतातला एक एकर मागून घेतला आणि त्यात काय पेरायचं ते स्वतः ठरवलं. नगदी पिकाच्या शेजारी भाजी, कडधान्य, ज्वारी आली. या कामाला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पैसे देणारे अनेक होते, पण एकरात काय पेरायचं हे बाईच ठरवत होती, आणि म्हणून ते टिकलं. अहिल्यानगर जिल्ह्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी बाएफ संस्थेच्या साथीनं देशी बियाण्यांची बँक उभी केली, त्यांना २०२० ची पद्मश्री मिळाली. तीही परसबागेतूनच वाढलेली गोष्ट आहे. आणि तेलंगणात झहीराबादजवळच्या पस्तापूरला डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित बायांच्या संघांनी तर स्वतःचं रेशनच सुरू केलं. पडीक जमिनी लागवडीखाली आणल्या, पिकलेली ज्वारी गावातच साठवली आणि गावातल्या गरजू घरांना स्वस्तात दिली. गरजू कोण हे गावानंच ठरवलं. पस्तापूर आपल्यासारखंच जुन्या हैदराबाद राज्यातलं, आपल्याच मातीचं आणि आपल्याच ज्वारीचं.

ब्राझीलमधल्या बेलो ओरिझोंचे या शहरानं १९९३ मध्ये केलेली एक गोष्ट आमच्या नगरपंचायतीनं बघण्यासारखी आहे. त्यांनी खाजगी भाजी विक्रेत्यांना मोक्याच्या सरकारी जागा दिल्या, पण ठरावीक भाज्या नगरपालिकेनं ठरवलेल्या भावानं विकायची अट घातली. आठवडी बाजाराची जागा आमच्याकडं नगरपंचायतीच्या हातात आहे. एखाद्या कंपनीनं तिथं ओटे आणि सावलीचं छप्पर बांधून द्यावं आणि त्यातले काही ओटे गावातल्या, परसात भाजी पिकवणाऱ्या बायांना राखून ठेवावेत, एवढी सुरुवातही पुरे.

नांदेडच्या माणसाला सामूहिक जेवण शिकवायची गरज नाही. हुजूर साहिबच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात लंगर चालतं. तिथं जात, गाव, ऐपत कुणी विचारत नाही, सगळे एका पंगतीत खाली बसतात. परमेश्वराच्या देवळातही यात्रेला महाप्रसाद असतो. १९७२ च्या दुष्काळात सुकडी आणि मिलो ज्वारीवर दिवस काढलेली माणसं आमच्या घराघरांत होती. अन्न वाटून खाण्याची रीत आमच्यात आहे. कमी पडतं ते रोजच्या ताटातलं माळवं.

तेव्हा दिवाळीला गावी येणाऱ्या, पुण्या-मुंबईच्या आणि हैदराबादच्या कंपन्यांत नोकरीला असलेल्या हिमायतनगरच्या पोरापोरींना माझी विनंती आहे. भाऊबीज झाली की आपल्या जुन्या शाळेच्या मागं एक चक्कर मारा. मुलं हात धुतात तिथलं पाणी कुठं जातं ते बघा, स्वयंपाक करणाऱ्या ताईंना भेटा, त्यांना विचारा काय लावता येईल. परत गेलात की आपल्या कंपनीच्या सीएसआर विभागाला एक पत्र लिहा. हिमायतनगर कुठं आहे ते सांगा, स्थानिक परिसराची अट बंधनकारक नाही हे सांगा, आणि कुंपण, शेडनेट मागायच्या आधी तीन वर्षांसाठी दोन ताईंचं मे-जूनचं मानधन मागा. पुढच्या वर्षाची आखणी बऱ्याच कंपन्या मार्चच्या आतच करतात, म्हणून पत्र दिवाळीतच लिहा.

शेवगा पावसाळ्याच्या तोंडावर फांदीनं लागतो. फांदी मी देतो.